ठराव आणि कायदा

आपल्याकडं ठराव फार होतात. जयंती समिती बसली की ठराव, मोर्चा काढायचा की ठराव, मोर्चातून परत आलो की पुन्हा ठराव. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, टाळ्या, आणि वही पेटीत. माझ्याच अक्षरातले पन्नासेक ठराव कुठल्या कुठल्या पेटीत पडून असतील. मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर एका पोरानं मला सरळ विचारलं, "काका, नामांतराचा ठराव विधानसभेनं केला होता म्हणता, मग सोळा वर्षं कामून लागले?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ध्यानात आलं, मलाच धड सांगता येत नाही. शहीदांची नावं पाठ, तारखा पाठ, गाणी पाठ. पण विधिमंडळ नावाचं यंत्र चालतं कसं, त्यात ठराव कुठं बसतो आणि कायदा कुठं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही अन् आपणही शिकलो नाही. हा लेख म्हणजे त्या पोराला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

आधी माझं सांगतो. १९७८ साली मी पाचवीत होतो. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठचं. नाव लिहीत नाही, कारण माझे भाऊबंद अजून तिथंच राहतात. वाड्यात एकच रेडिओ, चुलत्याचा. त्यावर बातमी आली की मुंबईत २७ जुलैला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. चुलता ओरडतच बाहेर आला. माय भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. बाप म्हणला, "झालं. लागलं नाव." बापाला वाटलं, उद्या सकाळी औरंगाबादला पाटी बदलेल. सरकारनं केलं म्हणजे झालं, असा त्याचा हिशोब. बाप अंगठाबहाद्दर होता, पण त्या दिवशी शिकलेल्यांचाही हिशोब तोच होता.

पाटी बदलली नाही. आठ दिवसांत आमचं छप्पर मात्र जळालं. आम्ही पोरं कमरेएवढ्या हायब्रीडमध्ये रात्रभर बसून होतो. चिखल, पाऊस, आणि वाड्याच्या बाजूला लाल उजेड. सकाळी माय राखेत हात घालून कणगीतली जवारी शोधत होती. भाजलेली जवारी. ती आम्ही खाल्ली.

पुष्कळ लोक म्हणतात, ठरावानं घरं जळाली. हे खोटं आहे. घरं जाळणाऱ्यांनी जाळली. पण मला आज एवढंच विचारायचं आहे की ज्या ठरावासाठी आमचं घर गेलं, तो ठराव होता तरी काय? कागद म्हणून त्याची ताकद किती होती?

आता यंत्राकडं वळू. विधिमंडळाची दोन सभागृहं. विधानसभा, जिथं आपण थेट मतं देऊन माणसं पाठवतो, २८८. आणि विधान परिषद, ७८. परिषदेत ३० जण आमदारांनी निवडलेले, २२ नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांतून, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. म्हणजे जो भूमिहीन आहे, पदवीधर नाही, मास्तर नाही, त्याचं परिषदेवर थेट मत नाहीच.

कायदा करायचा तर आधी विधेयक मांडावं लागतं. पहिलं वाचन म्हणजे मांडणं. दुसऱ्या वाचनात कलमावार चर्चा, दुरुस्त्या, लागलंच तर समितीकडं पाठवणं. तिसऱ्या वाचनात अखेरचं मतदान. मग दुसरं सभागृह. परिषदेनं विधेयक अडवलं तरी पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना, त्याच्यापुढं तिला थांबवता येत नाही. पैशाचं विधेयक असेल तर फक्त चौदा दिवस. नंतर राज्यपालांची सही. काही विधेयकं राष्ट्रपतींकडं जातात. सही झाली, राजपत्रात छापून आलं, की तो कायदा. मग तो कलेक्टरला बांधतो, पोलीस पाटलाला बांधतो, कोर्टाला बांधतो. अधिवेशन चालू नसेल आणि घाई असेल, तर राज्यपालांच्या सहीनं अध्यादेशही काढता येतो.

ठरावाचं तसं नाही. ठराव म्हणजे सभागृहाचं मत. 'अमुक करावं अशी हे सभागृह शिफारस करतं.' बस. सरकारनं नाही केलं तर कोर्टात जाऊन ते करून घेता येत नाही. अविश्वासाचा ठराव हा वेगळा, तो विधानसभेत मंजूर झाला तर सरकारच पडतं. पण तसले ठराव मोजके. बाकीचे ठराव म्हणजे सभागृहानं मान डोलावली, एवढंच.

आता विद्यापीठाकडं बघा. विद्यापीठ ही काही धर्मशाळा नव्हे, की कुणी देणगी दिली अन् पाटी लावली. विद्यापीठ कायद्यानं जन्माला येतं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली कायद्यानं झालं, पुढं १९७४ च्या कायद्याखाली चाललं. त्याचं नाव कायद्यात लिहिलेलं. कायद्यातलं नाव बदलायचं तर कायद्यालाच दुरुस्ती पाहिजे, म्हणजे विधेयक पाहिजे. २७ जुलैला सभागृहांनी मान डोलावली, पण विधेयक आणलं नाही. बापाला वाटलं झालं. झालं काहीच नव्हतं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. म्हणून जरा मागं जाऊ.

मुंबई इलाख्याचं कौन्सिल १८६१ च्या कायद्यानं आलं. २२ जानेवारी १८६२ ला मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये पहिली बैठक. सगळे सभासद गव्हर्नरनं नेमलेले. साहेब, शेठ, संस्थानिक. १८९२ आणि १९०९ च्या सुधारणांनी निवडणुकीची फट थोडी थोडी उघडली, ती मालमत्तावाल्यांसाठी. १९१९ च्या कायद्यानं कौन्सिल मोठं झालं, पण अस्पृश्यांचा माणूस निवडून नव्हे, नेमून यायचा. लाखो माणसांच्या वतीनं बोलायला एक-दोन नेमलेले.

त्या कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरात सरकारनं आपल्या खात्यांना हुकूम काढला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कौन्सिलाचा ठराव, सरकारचा हुकूम, नगरपालिकेचा ठराव, तीन तीन कागद! आणि तळ्याचं पाणी? एका माणसाच्या ओंजळीत गेलं नाही. १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले: जी नगरपालिका अंमल करणार नाही तिचं अनुदान तोडा. तरी पाणी हललं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ते हललं.

पण नीट बघा. बाबासाहेब रिकाम्या हातानं गेले नव्हते. बोले ठराव हातात होता. आम्ही नवं काही मागत नाही, तुमच्याच कौन्सिलानं मान्य केलेलं घ्यायला आलो आहोत, असं सांगता येत होतं. म्हणजे ठराव एकटा लुळा, पण चालणाऱ्या माणसाच्या हातात तोच काठी होतो. पुढं ऑगस्ट १९२७ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं आपला ठराव रद्दही केला. ठरावाचं हे असं असतं, सकाळी केला, संध्याकाळी पुसला. तळ्याचा हक्क कोर्टात १९३७ मध्ये, मुंबई हायकोर्टात पक्का झाला. १९२३ ते १९३७, चौदा वर्षं.

१९२७ मध्ये बाबासाहेब स्वतः नेमलेले सभासद म्हणून कौन्सिलात बसले. सोबत डॉ. पुरुषोत्तम सोळंकी. बाबासाहेबांनी तिथं ठरावावर भर दिला नाही, विधेयकावर दिला, हे आपण ध्यानात घेत नाही. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचं विधेयक आणलं. चोवीस तासांची गुलामगिरी, बदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदारचं बलुतं, ती बेडी तोडायला. विधेयक निवड समितीकडं गेलं आणि १९२९ मध्ये त्यांना ते मागं घ्यावं लागलं. ती कनिष्ठ गावकामगारांची वतनं खालसा करणारा कायदा मुंबई राज्यात झाला १९५८ चा. तीस वर्षं! तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

१९३५ च्या कायद्यानं विधानसभा आली, १७५ जागांची, आणि वर परिषद. पुणे करारानं मुंबई इलाख्यात अस्पृश्यांना १५ राखीव जागा मिळाल्या, पण मतदार संयुक्त. म्हणजे जागा आपली आणि निवडून आणणारे दुसरे. राखीव जागेवरचा माणूस आज सभागृहात गप्प का बसतो, त्याचं मूळ १९३२ च्या त्या करारात आहे. तरी १९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं बहुतेक उमेदवार निवडून आणले. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. आत विधेयक, बाहेर माणसं. तरीही सत्ताधाऱ्यांनी ते पुढं जाऊ दिलं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं.

आता हे आकडे एका रांगेत ठेवा. पाणी, १९२३ ते १९३७. वतन, १९२८ ते १९५८. खोती, १९३७ ते १९४९. विद्यापीठाचं नाव, १९७८ ते १९९४. त्या पोराला माझं पहिलं उत्तर हे, की बाबा, सोळा वर्षं म्हणजे काही अपवाद नव्हे. आपल्या प्रश्नाला या यंत्रात एवढीच गती असते.

हे झालं मुंबईचं. आपल्या परभणीचं काय? आपला जिल्हा तर तेव्हा त्या कौन्सिलच्या हद्दीतही नव्हता. आपण निजामाची रयत. माझा आजा सांगायचा, "आमाला सरकार म्हंजे तलाठी, देशमुख अन् रझाकार. चौथं माहीत नव्हतं." मत ही गोष्टच नव्हती. हैदराबादेत नेमणुकीचं एक कौन्सिल होतं, पण त्याची सावली गोदाकाठापर्यंत पडत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान खालसा झालं. १९५२ ला पहिली निवडणूक, हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांसाठी. आजानं आयुष्यात पहिल्यांदा मत टाकलं. त्याचा आमदार हैदराबादला बसायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आठ वर्षांत तीन राज्यं. आजा त्याच झोपडीत राहिला, आणि त्याच्या झोपडीवरचं सरकार हैदराबादहून मुंबईला गेलं. तलाठी तोच, देशमुख तोच.

१९६० ला महाराष्ट्राच्या विधानसभेत २६४ जण होते, १९६७ पासून २७०, १९७८ पासून २८८. आमच्या जिल्ह्यात गंगाखेडची जागा २००४ च्या निवडणुकीपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होती. १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. मग मतदारसंघांची फेररचना झाली, आणि २००९ पासून परभणी जिल्ह्यातल्या चारही जागा, जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी, सर्वसाधारण आहेत. म्हणजे ज्या जिल्ह्यात नामांतरासाठी आपली घरं जळाली, तिथून आपला माणूस हक्कानं जाईल अशी एकही जागा आज नाही.

राज्यात राखीव जागा २९ आहेत. आणि गंमत बघा, संविधानाप्रमाणं सभागृहाचं काम चालायला एक दशांश सभासद हजर लागतात. २८८ चा एक दशांश म्हणजे २९. आपले राखीव जागेवरचे सगळे २९ जण एकटे बसले तरी गणपूर्ती होते, सभागृह चालू शकतं. पण ते २९ एका बाकावर बसत नाहीत. प्रत्येक जण आपल्या पक्षाच्या बाकावर, पक्षाच्या व्हिपाखाली. हा पुणे कराराचा जिवंत हिशोब आहे.

आता पुन्हा २७ जुलै. तेव्हा विधिमंडळ आजच्या नरिमन पॉइंटच्या इमारतीत नव्हतं. ती इमारत १९ एप्रिल १९८१ ला सुरू झाली. तेव्हा कामकाज फोर्टातल्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये चालायचं, जिथं आता पोलीस महासंचालकांची कचेरी आहे. म्हणजे १९३८ ला खोतीवाले शेतकरी जिथं चालून गेले, तिथंच १९७८ ला नामांतराचा ठराव झाला. शरद पवारांचं पुलोद सरकार शपथ घेऊन नऊ दिवसांचं होतं. १९७८ ते १९८२ या काळात विधान परिषदेचे सभापती होते रा. सू. गवई, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा माणूस. विधानसभेचे अध्यक्ष मराठवाड्यातलेच, शिवराज पाटील. विद्यापीठाच्या कार्यकारिणीनंही आदल्या वर्षी नावाच्या बाजूनं ठराव केलेला होता. सगळं जुळून आलं होतं. मग विधेयक का नाही?

माझं मत असं आहे. ठरावाला किंमत पडत नाही. ठराव केला की आपल्याकडून टाळ्या मिळतात, आणि कायदा केला नाही म्हणून पलीकडच्यालाही सांगता येतं की अजून काही झालेलं नाही. दोन्ही डगरींवर हात. पण गावातल्या माणसाला हा बारकावा कळत नव्हता. बापाला वाटलं नाव लागलं, गावातल्या जमीनदारालाही वाटलं नाव लागलं. बाप आनंदला, तो पेटला. आणि सरकारच्या हातात ना कायदा होता, ना गावागावात बंदोबस्त. ठराव आणि कायदा यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडली, त्या जागेत आमची वस्ती होती.

नांदेड जिल्ह्यात सगळ्यात भयंकर झालं. बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळेंना जीवे मारलं. परभणी जिल्ह्यात, बीडमध्ये, औरंगाबादेत वस्त्या जळाल्या, विहिरी नासवल्या, बायाबापड्यांवर हात टाकले, मजुरी बंद, किराणा बंद. नाव हे निमित्त होतं. खरा राग वेगळा होता. आपण मेलेलं ढोर ओढायचं सोडलं होतं. गायरान कसलं होतं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये काढलेल्या मिलिंद कॉलेजात शिकून पोरं पँट घालून गावात येत होती अन् रामराम घालत नव्हती. तो राग 'मराठवाड्याची अस्मिता' असं नाव लावून बाहेर आला.

या अस्मितेचा एक पुरावा आमच्या परभणीतच आहे. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव लागलं, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. नाव लागलं, पाट्या बदलल्या, पोरं परीक्षेला बसली. एक छप्पर जळालं नाही. जळू नयेच. नाईकांच्या नावाला माझा विरोध नाही. पण मग विचारायचं की 'मराठवाडा' शब्दाच्या आधी एक नाव जोडल्यानं २०१३ ला कुणाची अस्मिता दुखली नाही, मग १९७८ ला कशानं दुखली? अस्मिता प्रदेशाची नव्हती, जातीची होती.

पुढची वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडेंच्या पुढाकारानं नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेला लाँग मार्च, खडकपूर्णेच्या पुलावरचा लाठीमार, जेलभरो, दर डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा. सरकारं आली, गेली. ठराव जिवंत होता आणि निपचित पडला होता. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नामांतर नव्हे, नामविस्तार. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याच्या अनुसूचीत ते नाव छापलं गेलं. तिथं ते पक्कं झालं. बाप तेव्हा थकला होता. मी सांगितलं, "दादा, लागलं नाव." तो म्हणला, "आता खरं का?" मी म्हणलं, "आता कायद्यात हाये." तो एवढंच म्हणला, "मंग ठीक."

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं, आणि नांदेड, लातूर, परभणी हे जिल्हे त्याला जोडले गेले. म्हणजे ज्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे गेले, ज्या नांदेडात गौतम वाघमारे जळाले, ज्या परभणीत आमची जवारी भाजली, त्या जिल्ह्यांतल्या पोरांच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव नाही. जवळ विद्यापीठ आलं, पोरींची सोय झाली, हे मी नाकारत नाही. स्वामीजींनी निजामाशी झुंज दिली, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण माझ्या पोरीची पदवी घरी आली, तेव्हा तिच्या आजानं ती उलटीसुलटी करून बघितली. अक्षर येत नव्हतं त्याला, पण बाबासाहेबांची सही तो ओळखायचा, आणि नाव कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखव म्हणायचा. मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. नाव द्यायचं आणि हद्द कापायची, हे दोन्ही निर्णय कायद्याच्या कागदावरच झाले. पहिल्यासाठी आपण साडेपंधरा वर्षं लढलो. दुसऱ्याच्या वेळी आपण गुलाल उधळत होतो.

म्हणून कायदा वाचायला शिका म्हणतो. कायदा आपल्या बाजूनंही उभा राहतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली, तेव्हा ती सरकारची मेहेरबानी होती. मुकादम म्हणेल तो कामावर. त्या रोजगार हमीच्या मागं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते. १९७७ ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. आता मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता, असं कलम आलं. मुकादम तोच, खडी तीच. पण माय तहसीलला जाऊन म्हणू लागली, "काम द्या, न्हाईतर लिहून द्या काम न्हाई म्हणून." 'लिहून द्या' हे दोन शब्द तिला कायद्यानं दिले. देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला हाच नमुना होता. तसंच सामाजिक बहिष्काराचं. १९७८ ला आमचा किराणा बंद केला तेव्हा त्याला या राज्यात थेट गुन्हा म्हणणारा वेगळा कायदा नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी बहिष्कारबंदीचं विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींची मान्यता घेऊन २०१७ मध्ये तो कायदा लागू झाला. एकोणचाळीस वर्षांनी का होईना. आपल्यातल्या किती जणांनी तो वाचलाय?

आणि अगदी परवाची गोष्ट. १० डिसेंबर २०२४ ला आमच्या परभणीत, स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांमधून धरपकड. १५ तारखेला अटकेतल्या एका शिकणाऱ्या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवसापासून नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं. सभागृहात चर्चा झाली, मुख्यमंत्र्यांचं निवेदन झालं, चौकशी जाहीर झाली. पण गुन्हा नोंदवण्याचा आदेश आला तो जुलै २०२५ मध्ये, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठातून, त्या पोराच्या आईनं दार ठोठावल्यावर. निवेदन हे ठरावाचंच भावंडं. त्यानं सभागृह शांत होतं. आईला पुढं चालावंच लागतं.

तर मित्रांनो, त्या पोराला माझं पूर्ण उत्तर असं. सोळा वर्षं लागली, कारण सभागृहानं आपल्याला ठराव दिला आणि आपण तो कायदा समजून बसलो. पुढं असं होऊ द्यायचं नाही. सरकारनं काही जाहीर केलं की टाळी वाजवायच्या आधी विचारायचं: हा ठराव आहे, निवेदन आहे, शासन निर्णय आहे की कायदा? विधेयक कधी? कलम कोणतं? अंमल कोण करणार, नाही केला तर शिक्षा काय? मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन मागं पडलं तर विधिमंडळाची आश्वासन समिती असते, तिला लिहायचं. सामान्य माणसाचं गाऱ्हाणं विनंती अर्ज समितीकडं जातं. अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्यात दौऱ्यावर येते, रेस्ट हाऊसवर उतरते, अधिकाऱ्यांना बोलावते. त्या दिवशी तिथं हार घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. आमदार भेटला की फोटो नंतर, आधी तारांकित प्रश्न लिहून त्याच्या हातात द्या, आणि अधिवेशन संपल्यावर उत्तर मागा. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द छापला जातो. आपला आमदार पाच वर्षांत आपल्याबद्दल किती वेळा उठला, ते मोजता येतं. मोजा.

आणि रस्ता सोडू नका. महाडला ठराव होता म्हणून पाणी मिळालं नाही, माणसं चालली म्हणून मिळालं. पण चालणाऱ्यांच्या हातात तो ठराव होता, हेही तेवढंच खरं. एका हातात कागद, पायाखाली रस्ता. कागद नसला तर आपल्याला दंगेखोर म्हणतात. रस्ता सोडला तर कागद पेटीत जातो.

माझा बाप आता नाही. जळालेल्या छपराच्या जागी आता विटांचं घर आहे, चुलत्याचा नातू तिथं राहतो, तालुक्याला कॉलेजात शिकतो. पुढच्या बैठकीत ठरावाची वही त्याच्याकडं द्यायची असं मी ठरवलंय. पण एका अटीवर. वहीत प्रत्येक ठरावापुढं एक रकाना जास्त आखायचा. 'पुढं काय झालं?' आणि तो भरल्याशिवाय नवा ठराव लिहायचा नाही.

जयभीम.